तीन महिन्यांची नोटीस एका महिन्यावर आणा

पुण्यात सॉफ्टवेअर सेवा कंपनीत काम करणाऱ्या माणसाने नोकरी बदलायचं मनावर घेतलं, की भरती करणाऱ्या रिक्रूटरकडून त्याला येणारा पहिला फोन ठरलेला असतो. एकूण अनुभव किती, सध्याचं सीटीसी (म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज) किती, अपेक्षा किती आणि नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर थांबायची मुदत, किती? पहिल्या तीन उत्तरांवर बोलणी होऊ शकतात. चौथं उत्तर 'तीन महिने' असलं तर 'ठीक आहे, कळवते' म्हणून फोन ठेवला जातो आणि पुन्हा काही येत नाही. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा त्याला किती येते, आधीच्या प्रोजेक्टमध्ये त्याने नेमकं काय केलं, हे विचारायची वेळच येत नाही.

मी अशा कंपन्यांत बरीच वर्षं काढली आहेत आणि आता शनिवारच्या भरती-ड्राइव्हमध्ये मुलाखती घ्यायला बसतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार पाहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे. तीन महिन्यांची नोटीस नोकरदारावर अन्याय करते आणि कंपन्यांच्याही फारशी कामाला येत नाही. ती एका महिन्यावर आणायला हवी, आणि कंपन्या आपणहून ते करणार नाहीत, म्हणून राज्य सरकारने नियम करायला हवा.

ही अट आली कुठून, ते आधी पाहू. पुण्याचं या धंद्याशी नातं जुनं आहे. इन्फोसिसची स्थापना १९८१ साली इथेच झाली, पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी १९९० साली इथेच उभी राहिली, आणि मग हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क, मगरपट्टा, खराडी, तळवडे असा पसारा वाढत गेला. सेवा कंपनी स्वतःचं उत्पादन सहसा विकत नाही. ती परदेशी क्लायंटला माणसं आणि त्यांचे तास देते. क्लायंट तासाला किंवा महिन्याला ठरलेला दर मोजतो, त्यातून पगार आणि बाकी खर्च वजा जाता उरेल तो कंपनीचा नफा. बिलिंगवरचा माणूस उठून गेला आणि त्या खुर्चीत दुसरा बसला नाही, तर त्या दिवसापासून बिल थांबतं. पूर्वी एक महिन्याची नोटीस सर्रास असायची. माणसं भराभर जायला लागली तशी मोठ्या कंपन्यांनी ती दोन महिन्यांवर आणि पुढे तीन महिन्यांवर नेली. मधल्या आणि छोट्या कंपन्यांनी त्यांचं पाहून तेच कलम आपल्या ऑफर लेटरमध्ये उतरवलं.

बिल थांबू नये ही कंपनीची काळजी मला मान्य आहे, त्यावरच माझाही पगार होतो. पण ही काळजी कंपनी दुसऱ्या बाजूने किती घेते तेही पाहायला हवं. प्रोजेक्ट संपला की माणूस बेंचवर जातो, म्हणजे पगार चालू पण क्लायंटचं काम नाही. तिथे त्याला किती दिवस मिळतात? टीसीएसने जून २०२५ मध्ये धोरण आणलं: बारा महिन्यांत किमान २२५ दिवस बिलिंगवर, आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त नाही. इतर अनेक कंपन्यांत असा आकडा लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना माहीत असतो. बेंचवरच्या माणसाला आरएमजीकडून, म्हणजे माणसं प्रोजेक्टवर नेमणाऱ्या विभागाकडून, रोज फोन येतात, मिळेल तो प्रोजेक्ट घे म्हणतात, मग तो चेन्नईला असो की रात्रपाळीचा असो, त्याने कधी न हाताळलेल्या तंत्रज्ञानातला असो. काहीच जमलं नाही तर एचआर त्याला एका खोलीत बोलावते आणि राजीनामा दे म्हणते. त्या खोलीत तीन महिन्यांचा विषय निघत नाही. लॅपटॉप संध्याकाळपर्यंत जमा करायचा असतो. काही कंपन्या नोटीसचा पगार देतात, काही दोन महिन्यांवर तडजोड करतात, आणि 'स्वतःहून राजीनामा दिलास तर रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) स्वच्छ मिळेल' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते सगळीकडे एकाच साच्यातून येतं असं वाटतं.

म्हणजे माणूस कंपनीला नको असतो तेव्हा महिनाभरात सगळं आटोपतं, आणि कंपनी माणसाला नको असते तेव्हा त्याने नव्वद दिवस थांबायचं. करारात 'दोन्ही बाजूंना समान' असं छापलेलं असतं. पैसे देऊन नोटीस कमी करायचं कलमही असतं, पण खालच्या ओळीत लिहिलेलं असतं की त्याला व्यवस्थापनाची संमती लागेल. कंपनीने मोकळं करायचं तर तिची मर्जी, आणि कर्मचाऱ्याने पैसे भरून मोकळं व्हायचं तरी मर्जी कंपनीचीच.

याचा सगळ्यात वाईट परिणाम मुलाखतींवर झाला आहे, आणि त्याबद्दल आमच्या क्षेत्रात फार कमी बोललं जातं.

मध्यंतरी एका मुलीची मुलाखत घेतली. व्हिडिओ सुरू झाला तेव्हा ती हिंजवडी फेज दोनमधल्या आपल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलेली होती, लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवलेला, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. तिला विचारलं, रात्री आपोआप चालणारं एखादं मोठं काम, म्हणजे बॅच जॉब, अचानक हळू झालं तर काय करशील? तिने पुस्तकी उत्तर दिलं नाही. तिच्याच प्रोजेक्टमध्ये हे झालं होतं. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, होता, पण कोणीतरी क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) त्या कॉलमवर फंक्शन लावलं होतं, त्यामुळे डेटाबेस इंडेक्सकडे बघतच नव्हता आणि अख्खं टेबल वाचत बसला होता. टेबल लहान होतं तोपर्यंत कोणाला कळलं नाही. डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारा एक्झिक्युशन प्लॅन काढून तिने ते शोधलं, कॉलमवरचं फंक्शन काढून अट नव्याने लिहिली आणि काही तासांचा जॉब काही मिनिटांवर आणला. हे सांगताना ती दोनदा मागे वळून पाहत होती, ओळखीचं कोणी येतंय का म्हणून. मी तिला घ्या म्हणून लिहिलं. तिला ऑफर गेली नाही. क्लायंटला माणूस पंधरा दिवसांत हवा होता आणि तिची नोटीस तीन महिन्यांची होती. त्या जागी जो आला त्याला मीच आदल्या आठवड्यात 'काठावर' असा शेरा दिला होता. तो त्या आठवड्यात मोकळा होता, एवढीच त्याची जमेची बाजू.

हे एकट्या तिचं नाही. नोकरीच्या पोर्टलवर रिक्रूटर शोधायला बसला की समोर चाळणीच असते: १५ दिवस किंवा कमी, एक महिना, दोन महिने, तीन महिने, आणि 'सर्व्हिंग नोटीस', म्हणजे राजीनामा देऊन बसलेले. घाईची मागणी असली, आणि सेवा कंपनीत मागणी नेहमी घाईचीच असते, तर तो पहिला आणि शेवटचा पर्याय टिकवतो आणि बाकीचे उडवतो. सध्या नोकरीत असलेला, काम नीट करणारा, तीन महिन्यांच्या अटीत अडकलेला माणूस त्याला दिसतच नाही.

मग लोक काय करतात? हातात काहीही नसताना राजीनामा देतात. पुनावळे-रावेतच्या फ्लॅटचा हप्ता चालू, मुलाच्या शाळेची फी डोक्यावर, आणि माणूस राजीनामा टाकून मुलाखती शोधायला लागतो, कारण 'लास्ट वर्किंग डे' ची तारीख सांगता आल्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही. पहिल्या महिन्यात फोन कमी येतात, तिसऱ्यात धडाधड येतात. तोवर त्याने एक ऑफर घेतलेली असते, पण पुढच्याची जास्त असते, त्याच्यापुढच्याची आणखी जास्त. जॉइनिंगच्या सकाळी एचआर फोन लावते आणि तो उचलत नाही. हे चूक आहे, मला ते आवडत नाही, आणि ज्यांनी माझ्या टीमसाठी असं केलं त्यांचा रागही आला आहे. पण ऑफर आणि जॉइनिंग यांच्यात नव्वद दिवसांचं अंतर ठेवल्यावर दुसरं काय होणार? त्या नव्वद दिवसांत बाजार हलतो, आणि हातात पर्याय असलेला माणूसही हलतो.

कंपन्यांचं वागणंही त्याला साजेसंच. येणार नाहीत हे गृहीत धरून त्या जागेपेक्षा जास्त ऑफर वाटतात. आणि मधल्या काळात क्लायंटने मागणी रद्द केली तर ज्याने या ऑफरच्या भरवशावर राजीनामा दिला आहे त्याला दोन ओळींचा मेल जातो, की पोझिशन सध्या होल्डवर आहे. तो तेव्हा नोटीसच्या दुसऱ्या महिन्यात असतो. जुन्या मॅनेजरकडे जाऊन राजीनामा मागे घेऊ द्या म्हणायचं, किंवा उरलेल्या दिवसांत मिळेल ती नोकरी धरायची. दिलेली ऑफर मागे घेतल्याबद्दल त्या कंपनीला एक रुपयाही मोजावा लागत नाही.

आता या अटीचं एकमेव गंभीर समर्थन पाहू, ते म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, ज्याला आम्ही केटी म्हणतो. माणूस चार वर्षं एका सिस्टिमवर काम करतो, त्याच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात जायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने. ऐकायला रास्त वाटतं. प्रत्यक्षात काय होतं हे या शहरातल्या कुठल्याही टीम लीडला विचारा. राजीनामा आला की पहिले काही आठवडे त्याचं मन वळवण्यात जातात: वन-ऑन-वन, जास्त पगाराची काउंटर ऑफर, परदेशात ऑनसाइट पाठवण्याचं आश्वासन. मग बदली माणसाची मागणी आरएमजीकडे जाते आणि तिथे पडून राहते, कारण जाणारा अजून बिलिंगवर आहे, त्याच्यासोबत दुसऱ्याला बसवलं तर त्या दुसऱ्याचं बिल क्लायंट देत नाही. त्यामुळे बदली माणूस येतो तो शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांत. खरी केटी तेवढ्यात उरकते. बाकीचं 'सेशन रेकॉर्ड करून शेअरपॉइंटवर टाक' एवढ्यावर भागतं. तोपर्यंत जाणारा माणूस सकाळी उशिरा येतो, रोजच्या स्टँडअप बैठकीत 'कालचंच चालू आहे' म्हणतो, आणि नवीन काम त्याला कोणी देत नाही. तीन महिन्यांपैकी कामाचे दिवस तेवढेच, जेवढे एक महिन्याच्या नोटीशीतही मिळाले असते. आणि एखादा माणूस गेल्याने अख्खी सिस्टिम अडत असेल, तर तिची कागदपत्रं गेली चार वर्षं कोणी का लिहून घेतली नाहीत, हा प्रश्न कंपनीला विचारायचा. त्याची भरपाई जाणाऱ्याच्या नव्वद दिवसांतून करता येत नाही.

माणसं टिकावीत म्हणून ही अट लागते असंही म्हणतात. तिची परीक्षा २०२१-२२ मध्ये झाली. कोविडनंतर मागणी वाढली, पगार वाढले, आणि जून २०२२ ला संपलेल्या तिमाहीत इन्फोसिसने सांगितलेलं गळतीचं प्रमाण २८.४ टक्के होतं. म्हणजे वर्षभरात चारातल्या एकापेक्षा जास्त माणसं गेली, आणि ती तीन महिन्यांची नोटीस भरून गेली. थांबवायचं तर पगार, बढती, कामाची जागा, बरं काम यांनी माणूस थांबतो. नोटीशीने फक्त जायला उशीर होतो.

कायदा काय म्हणतो? बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा तो कर्मचाऱ्याच्या बाजूचा आहे, आणि तरीही त्याचा उपयोग होत नाही. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला न्यायालय भाग पाडत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७४ नुसार करार मोडल्यास भरपाई 'वाजवी' मिळते, करारात लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. कलम २७ धंदा-रोजगाराला अटकाव करणारा करार अवैध ठरवतं. पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षं नोकरी नाहीतर दोन लाख रुपये, असा बाँड वैध ठरवला. त्यामुळे नुसत्या कलम २७ वर विसंबून नोटीस मोडायचा सल्ला मी कोणाला देणार नाही. केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक परिपत्रक काढून नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही असं स्पष्ट केलं. कारण दिलं ते महत्त्वाचं आहे: ही रक्कम कुठल्या सेवेचा मोबदला नाही, लोकांनी मधेच सोडून जाऊ नये म्हणून लावलेला तो दंड आहे. सरकारच जिला दंड म्हणतं, त्या रकमेला मर्यादा घालायची जबाबदारीही सरकारवर येते.

आणि न्यायालयापर्यंत जातो कोण? एका मोठ्या कंपनीने २०१५ मध्ये काढलेल्या अभियंत्याला परत घ्या, असा निकाल चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. मधे सात वर्षं गेली. कंपनीच्या हातात असतं ते यापेक्षा साधं हत्यार: रिलिव्हिंग लेटर. ते नसेल तर पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडतं. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएनवर, म्हणजे कर्मचाऱ्याच्या कायमच्या खाते क्रमांकावर, जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही तर नव्या नोकरीची नोंद जुनीवर चढते आणि दोन नोकऱ्या केल्याचा संशय येतो. कंपनीला वकिलाची नोटीसही पाठवावी लागत नाही, एवढ्यावरच माणूस गप्प बसतो.

बाहेर बघा. अमेरिकेत ज्या क्लायंटचं काम आम्ही करतो, त्याचा तिथला कर्मचारी रिवाजाने दोन आठवडे आधी सांगून जातो. जर्मनीत कामगार संरक्षण किती कडक आहे ते सगळे जाणतात, तिथेही कर्मचाऱ्याने द्यायची कायद्यातली मूळ मुदत चार आठवडे आहे. त्या देशांतल्या बँका, विमा कंपन्या, मोटारींचे कारखाने बंद पडलेले नाहीत. त्यांचंच काम हिंजवडीत आलं की एकदम तीन महिने का लागावेत?

छोट्या कंपन्यांचं काय, असं बाणेर-बालेवाडीत चाळीस-पन्नास माणसांची कंपनी चालवणारे माझे मित्र विचारतात. एक माणूस गेला तर त्यांचा प्रोजेक्ट खरंच लंगडा होतो, हे मला दिसतं. पण नवीन माणूस मिळवताना त्यांनाच सगळ्यात जास्त मार बसतो. मोठ्या कंपनीकडे बेंच असतो, ती तीन महिने वाट पाहू शकते. छोटीला माणूस आत्ता हवा असतो आणि मोठ्या कंपनीतला चांगला माणूस तिला नव्वद दिवसांनी मिळतो, तोही तोवर मन बदललं नाही तर. जाणारा एक महिन्यात गेला, पण येणाराही एक महिन्यात आला, तर हिशेब त्यांच्या फायद्याचाच आहे.

आपल्या राज्याला हे करता येईल. १९४८ च्या जुन्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात, वर्षभर नोकरी झालेल्याला काढायचं तर मालकाने किमान तीस दिवसांची नोटीस द्यायची, असं कलम होतं. तीस दिवस हे माप आपल्याकडे नवं नाही. आयटी कार्यालयांनाही लागू असलेला २०१७ चा नवा कायदा कामाचे तास आणि रजा ठरवतो. त्यात एका कलमाची भर घालता येईल: आस्थापनेतल्या कोणाही कर्मचाऱ्याला, त्याचं पदनाम 'लीड' असो वा 'मॅनेजर', तीस दिवसांपेक्षा जास्त नोटीस बंधनकारक करता येणार नाही. पदनामाचा उल्लेख मुद्दाम, कारण आमच्याकडे तीन-चार वर्षांतच माणसाला 'सीनियर', 'लीड' अशी बिरुदं मिळतात आणि मग तो कामगार नाही असं म्हणायला कंपनी मोकळी होते. कोणाला दोघांच्या संमतीने जास्त दिवस थांबायचं असेल तर थांबावं, त्या जादा दिवसांचा दर वेगळा ठरवावा. ज्याला कंपनीने काढलं त्यालाही तीस दिवस किंवा तेवढा पगार, आणि त्याच्याकडून राजीनामा लिहून घेऊन तो बुडवता येणार नाही.

केंद्राची नवी वेतन संहिता सांगते की नोकरी सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करा. त्याच दोन दिवसांत रिलिव्हिंग लेटर द्यायचं आणि यूएएनवर तारीख टाकायची, हेही राज्याच्या नियमात लिहावं. पैशाचा वाद असेल तर तो वेगळा चालू दे, पत्र अडवायचं नाही. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना असे विषय घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत गेली आहे. एप्रिल २०२२ मध्ये एका कंपनीने प्रतिस्पर्ध्यांकडे जायला बंदी घातली तेव्हाही गेली होती. पण संघटनेच्या पत्रावर सही करायला आमच्यातले लोक घाबरतात, मॅनेजर तर जास्तच. हे कलम मॅनेजरांनाही लागू होणार आहे, तेव्हा त्यांनीही सही करावी. मी करणार आहे.

आणि ऑफर मागे घेण्याबद्दल: उमेदवाराने ऑफर स्वीकारून राजीनामा दिला, त्याचा पुरावा कंपनीला पाठवला, आणि त्यानंतर कंपनीने ऑफर रद्द केली, तर तिने त्याला एका महिन्याचा ठरलेला पगार द्यावा. क्लायंटने मागणी रद्द केली हा कंपनी आणि क्लायंट यांच्यातला मामला आहे. क्लायंटशी करार करताना तेवढी रक्कम त्यात धरायला कंपनीच्या विक्री विभागाला कोणी अडवलेलं नाही.